दीर म्हणतात अ‍ॅव्हरेज करा, मिस्टर म्हणतात विका

वाचकाचं पत्र: ताई, मी कळव्याला राहते, वय ४६, शाळेत शिक्षिका आहे. अलिबागकडच्या आमच्या वडिलोपार्जित घरातला माझा वाटा मिळाला त्यातले साडेसहा लाख सप्टेंबर २०२४ मध्ये दीरांच्या सांगण्यावरून एनर्जी शेअरमध्ये टाकले. इरेडा दोन लाखांचे, २३० च्या आसपास. कोल इंडिया ५०० ला, सुझलॉन ८० ला आणि महानगर गॅस १९०० ला, हे प्रत्येकी दीड लाखाचे. आज सगळं लाल आहे, मिळून साडेचार लाखांच्या आसपास दिसतात. इरेडाच्या दोनाचे सव्वा लाख झालेत, सुझलॉनच्या दीडाचा लाख. दीर म्हणतात वहिनी घाबरू नका, ऐरोली-महापेला एवढी डेटा सेंटर येतायत, वीज लागणारच, हा सूर्योदय सेक्टर आहे, सोनं ठेवून गोल्ड लोन काढा, पडलेल्या भावात तेच शेअर अजून घ्या आणि अ‍ॅव्हरेज करा. मिस्टर म्हणतात उद्याच्या उद्या सगळं विक. मुलगी बारावीला आहे, पुढच्या जून-जुलैला इंजिनीअरिंगच्या फीचे दोन-अडीच लाख लागतील. डिमॅट माझ्या नावावर आहे पण लॉगिन दीरच बघतात. जेवताना पण तोच विषय असतो. मी कोणाचं ऐकू?

उत्तर:

नमस्कार बाई. शाळेत शिकवता म्हणून बाईच म्हणते, चालेल ना.

आधी गोल्ड लोनचं बोलते कारण बाकी सगळ्याला थोडा वेळ आहे, याला नाही. गोल्ड लोन काढायचं नाही. व्याज दर महिन्याला चढणार हे नक्की आहे, शेअर वर जाणार हे नक्की नाही, आणि ज्या घरात वर्षभरात फी भरायचीये तिथे दागिने ठेवून शेअर घ्यायचे हा विचार मला चहा पिता पिता सुद्धा सहन होत नाही. दीर रागावले तर रागावू देत, त्यांना कसं सांगायचं ते पुढे लिहिलंय.

मिस्टरांच्या बाजूने मी थोडी जास्त आहे, पण सगळं एका झटक्यात फुंकून टाकायचं असं पण मला वाटत नाही. एक सांगून ठेवते, मी सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदणी असलेली सल्लागार नाही, ठाण्यात एका सब-ब्रोकरच्या ऑफिसात बरीच वर्षं काम केलेली बाई आहे, त्यामुळे जे लिहितेय ते माझं मत म्हणून वाचा आणि शेवटी सही तुमचीच आहे हे लक्षात ठेवा.

तर दीरांचं म्हणणं. ते खोटं बोलत नाहीयेत. वीज लागणारच आहे. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॉटला पोचली, तोवरचा सगळ्यात मोठा आकडा होता तो. डेटा सेंटर तर ठाणे-बेलापूर रोडने जाणाऱ्या कोणालाही दिसतात, रबाळे महापे ऐरोली सगळीकडे. २०३० पर्यंत कोळसा-गॅस सोडून बाकीच्या विजेची ५०० गिगावॉट क्षमता उभी करायची हे सरकारचं टार्गेट आहे, आणि २०२५ च्या मध्यापर्यंत देशातली निम्मी क्षमता सोलर, वारा, पाणी आणि अणू मिळून झाली पण होती (क्षमता हं, प्रत्यक्ष तयार होणारी वीज त्यानंतरही बहुतेक कोळशाचीच होती, हे ग्रुपवरच्या फॉरवर्डमध्ये कोणी लिहीत नाही). एवढं सगळं खरं असून सुद्धा त्यातून शेअर वर जाणार हे निघत नाही, कारण मधली एक पायरी सगळेच गाळतात. माल खपणार हे ठरलं, पण त्या मालाचा भाव कोण ठरवणार?

तुमचं स्वतःचं लाइट बिल काढून बघा. कळव्यात आहात म्हणजे मार्च २०२० पासून बिल टोरंट ह्या खाजगी कंपनीचं येतं. पण दर टोरंट ठरवत नाही. महावितरणचा जो दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग मंजूर करतो तोच तुम्हाला लागतो, पुढे दिघा ओलांडून ऐरोलीला गेलात की महावितरणच्या गिऱ्हाइकाला लागतो तोच. म्हणजे कळव्यात उद्या दुप्पट एसी लागले तरी कंपनीला मनाने युनिटमागे एक रुपया वाढवता येत नाही. वीज बनवणारी एनटीपीसी, ती तारांवरून पोचवणारी पॉवरग्रिड ह्यांचं पण साधारण तसंच, केंद्रीय वीज आयोग ठरवून देतो की तुम्ही प्रकल्पात घातलेल्या इक्विटीवर, म्हणजे स्वतःच्या भांडवलावर, अमुक टक्के परतावा घ्या, बहुतेक ठिकाणी १५.५ टक्के, त्याच्या वर मागणी कितीही वाढली तरी हात बांधलेले. सोलरवाल्यांचं तर लिलावात ठरतं, जो सगळ्यात कमी दर सांगेल त्याला २५ वर्षांचं कंत्राट. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात हा दर युनिटला १ रुपया ९९ पैशांपर्यंत खाली आला होता. एवढ्या कमी दरात घेतलेलं कंत्राट पंचवीस वर्षं सांभाळायचंय, मग शेजारी शंभर डेटा सेंटर येऊ देत.

पेट्रोलवाल्यांचं उदाहरण तर सगळ्यात मजेशीर आहे. एप्रिल २०२२ नंतर मार्च २०२४ पर्यंत सरकारी तेल कंपन्यांनी पंपावरचा त्यांचा भाव हलवलाच नाही, मधे जो काय फरक पडला तो टॅक्स कमी झाल्यामुळे. क्रूड, म्हणजे कच्चं तेल, भडकलेलं होतं तेव्हा त्यातल्या एचपीसीएलला एका तिमाहीत दहा हजार कोटींच्या वर तोटा झाला, लोकांनी शिव्या घालत शेअर विकले, मग क्रूड उतरलं, पंपावरचा भाव तिथल्या तिथेच राहिला आणि त्याच कंपन्यांनी २०२३-२४ ला विक्रमी नफा केला. गाड्या तेवढ्याच धावत होत्या हो, मागणीत काही जादू झाली नव्हती. आणि उलट बाजूला जमिनीतून तेल काढणारी ओएनजीसी, क्रूड महाग म्हणजे ह्यांची चांदी असं समजून लोकांनी घेऊन ठेवले तर १ जुलै २०२२ ला सरकारने विंडफॉल टॅक्स, म्हणजे अचानक झालेल्या जादा नफ्यावरचा कर, लावला, एका दिवसात शेअर दहा टक्क्यांहून जास्त पडला. तो टॅक्स पुढे डिसेंबर २०२४ ला काढला पण तोवर किती लोक कंटाळून बाहेर पडले असतील.

म्हणून मला कोणी विचारलं ना की एनर्जी सेक्टरचा आउटलुक कसा आहे, तर मी विचारते कुठल्या कंपनीचा. क्रूड वाढलं की ओएनजीसी हसते, एचपीसीएल रडते, आणि दोघी एकाच यादीत. एका आडनावाची चार माणसं आहेत म्हणून चौघांना एकच औषध देतो का आपण. तुमच्या चार शेअरचं पण तेच आहे, चारही धंदे वेगळे आहेत, आणि हे दीरांनी तुम्हाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

इरेडापासून सुरू करते कारण दुखतंय तिथेच जास्त. ही वीज बनवणारी कंपनी नाही. ही कर्ज देणारी कंपनी आहे, सोलर-पवनवाल्यांना. म्हणजे हिला मोजायचं ते बँकेला मोजतात तसं, बुक व्हॅल्यू (देणी वजा जाता शेअरमागे उरणारी मालमत्ता) किती, कर्जं किती बुडतायत, पैसे कुठल्या व्याजाने येतायत. नोव्हेंबर २०२३ ला आयपीओ, म्हणजे पहिली शेअरविक्री, ३२ रुपयांना आली, जुलै २०२४ मध्ये भाव ३१० झाला. आठ महिन्यांत जवळजवळ दहा पट. तेवढ्यात कर्जं दहा पट झाली का, नाही, व्याज दहा पट आलं का, ते पण नाही, फक्त घेणारे वाढले. मार्च २०२४ ला बुक व्हॅल्यू शेअरमागे ३२ रुपयांच्या आसपास होती, तुम्ही २३० ला घेतलात म्हणजे सात पटीने. चांगल्या चालणाऱ्या खाजगी बँकांना सुद्धा बाजार एवढा भाव देत नाही, म्हणजे ह्याच्या निम्मा पण नाही. मग पुढे काय झालं, जेन्सॉल नावाच्या कंपनीचं प्रकरण एप्रिल २०२५ मध्ये सेबीच्या ऑर्डरने बाहेर आलं, इरेडाचं त्यांना कर्ज होतं, ते बुडीत खात्यात गेलं आणि एप्रिल-जून २०२५ च्या तिमाहीत इरेडाचा नफा आदल्या वर्षीपेक्षा एक तृतीयांशाहून जास्त घटला. त्याच जूनमध्ये कंपनीने मोठ्या संस्थांना नवीन शेअर दिले ते १६५ रुपयांना. म्हणजे ज्यांच्याकडे हिशोब करणारी माणसं पगारावर आहेत त्यांनी १६५ ला घेतला आणि तुम्ही २३० ला. कंपनी वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, सरकारी आहे, धंदा वाढतोय. पण २३० हा भाव कंपनीचा नव्हता, त्या सप्टेंबरच्या हवेचा होता.

सुझलॉनचं पुढे. ही आपल्या पुण्याची, हडपसरला ऑफिस आहे. पवनचक्क्या बनवून विकते, म्हणजे ही पण वीज विकत नाही, मशीन विकते, ऑर्डर आली तर धंदा. ८० रुपये बघून खूप लोकांना वाटलं की अरे २००८ ला चारशेच्या वर होता, आता ८० ला मिळतोय म्हणजे अजून किती वर जाऊ शकतो. हा हिशोब एकदा नीट करून बघा. २००८ च्या जानेवारीत साधारण दीडशे कोटी शेअर होते. मधल्या काळात कंपनी कर्जात बुडाली, २०१२ ला परदेशातले बाँड फेडता आले नाहीत, २०२० ला शेअर दोन रुपयांच्याही खाली गेला, बँकांना कर्जाच्या बदल्यात शेअर दिले, २०२२ ला पाच रुपयांनी राइट्स इश्यू काढला (म्हणजे जुन्या शेअरहोल्डरांनाच नवीन शेअर विकले), असं करत करत शेअरची संख्या तेराशे कोटींच्या पलीकडे गेली. आता गुणाकार करा, तुम्ही गणित शिकवत नसाल तरी जमेल. तेराशे कोटी गुणिले ८० म्हणजे एक लाख कोटींच्या वर. दीडशे कोटी गुणिले साडेचारशे म्हणजे सदुसष्ट-अडुसष्ट हजार कोटी. म्हणजे ८० ला सुझलॉन २००८ च्या शिखरापेक्षा महाग होता. कंपनी कर्जातून बाहेर आली हे मोठं काम आहे, त्याचं श्रेय द्यायलाच हवं, ऑर्डर पण आहेत, पण जुना भाव डोळ्यासमोर ठेवून घेतला असेल तर तो घेण्याचं कारणच चुकलेलं होतं.

महानगर गॅस मला ह्या चौघांत सगळ्यात समजणारी कंपनी वाटते कारण ती आपल्या डोळ्यासमोर चालते, घरात पाइपचा गॅस, स्टेशनबाहेर रिक्षांची सीएनजीची रांग, ठाणे नवी मुंबई सगळं ह्यांच्याकडे. धंद्याची मेख अशी की देशातल्या जुन्या विहिरींमधला स्वस्त गॅस सरकार ह्यांना वाटून देतं. ऑक्टोबर २०२४ ला तो कोटा कापला, नोव्हेंबरला परत कापला, १८ नोव्हेंबरला शेअर एका दिवसात दहा टक्क्यांहून जास्त पडला. तुम्ही घेतल्यावर दोन महिन्यांत. ह्यात तुमची काय चूक, काहीच नाही, पण हा धोका धंद्यातच आहे हे घेताना माहीत हवं होतं. कंपनीला सीएनजीचा भाव वाढवता येतो, तसा तो २२ नोव्हेंबरला किलोला दोन रुपये वाढवून ७७ केला. आता तारीख बघा, विधानसभेचं मतदान होतं २० नोव्हेंबरला. मी काही म्हणत नाही, तुम्ही काय समजायचं ते समजा. पुढचा प्रश्न असा की रिक्षावाले आणि बसवाले हळूहळू इलेक्ट्रिककडे जातायत, नवी मुंबई पालिकेच्या, म्हणजे एनएमएमटीच्या, इलेक्ट्रिक बसेस तर तुम्ही बघताच, त्यामुळे हा धंदा उद्या बंद पडणार नाही पण पूर्वीच्या वेगाने पळेल असं पण नाही.

कोल इंडियाबद्दल फार लिहीत नाही, त्यात फार गूढ नाहीये. सरकारचा ६३ टक्क्यांच्या वर वाटा, बहुतेक कोळसा वीज कंपन्यांना ठरलेल्या दराने जातो, थोडा ई-लिलावात जातो आणि खरी मलई त्या थोड्यात असते, २०२२ ला जगात कोळसा मिळत नव्हता तेव्हा ती मलई जाड होती, नंतर पातळ झाली. डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला शेअरमागचा वाटा, चांगला, २०२३-२४ आणि २०२४-२५ दोन्ही वर्षी शेअरमागे २५ रुपयांहून जास्त दिला. तुम्हाला तो खात्यात आलाय का बघा, पत्रात उल्लेख नाही म्हणून विचारते, तोट्याचा हिशोब करताना लोक डिव्हिडंड धरतच नाहीत. आणि हवामान पण लक्षात घ्या, २०२५ ला मुंबईत पाऊस २६ मेलाच आला, आपल्याकडे नोंदी आहेत तेव्हापासूनचा सगळ्यात लवकर, उत्तरेकडे पण उन्हाळा नेहमीएवढा तापला नाही, आणि त्या वर्षी उन्हाळ्यात २५० गिगावॉटचा आकडा काही ओलांडला गेला नाही. खाणीच्या तोंडाशी कोळसा पडून. दरवर्षी मागणी वाढणारच म्हणणाऱ्यांना पावसाने विचारलं नव्हतं.

आता मूडबद्दल, म्हणजे ज्याला चॅनेलवाले सेंटिमेंट म्हणतात. तुम्ही घेतलंत त्याच महिन्यात निफ्टी, म्हणजे बाजाराचा निर्देशांक, पहिल्यांदा २६ हजारांवर गेली होती. लगेच पुढच्या महिन्यात, ऑक्टोबर २०२४ मध्ये, परदेशी संस्थांनी आपल्या शेअरमधून ९० हजार कोटींहून जास्त काढून नेले, तेव्हाचा एका महिन्यातला विक्रम. एनर्जीत हा मूड जास्तच उड्या मारतो कारण इथे युद्ध, सरकार आणि पाऊस तिघंही हात घालतात. २३ जून २०२५ चा सोमवार आठवतो का, अमेरिकेने इराणवर हल्ला केलेला, होर्मुझची सामुद्रधुनी बंद होणार म्हणून बोंब, जगात वापरल्या जाणाऱ्या तेलाचा पाचवा हिस्सा तेव्हा तिथून जायचा. सकाळी ब्रेंट, म्हणजे ज्याच्या भावावर जगातल्या कच्च्या तेलाचा भाव मोजतात ते तेल, ८० डॉलरच्या वर उघडलं. सगळ्या ग्रुपवर तेलाचे शेअर घ्या म्हणून मेसेज. रात्री आपण झोपेपर्यंत त्याच ब्रेंटचा भाव सात टक्के पडून ७२ च्या खाली. एका दिवसात! ज्यांनी बातमी वाचून सकाळी निर्णय घेतला त्यांचं चुकलं असं नाही म्हणणार मी, बातमी खरीच होती, पण बातमी तुमच्या मोबाईलपर्यंत येते तेव्हा भावात ती आधीच मोजलेली असते.

आणि सूर्योदय वगैरे शब्द ऐकले की मला जानेवारी २००८ आठवतं. रिलायन्स पॉवरचा आयपीओ. तेव्हा चेक लावून कागदी फॉर्म भरायचे, गोखले रोडला आमच्या ऑफिसच्या जिन्यावरून रांग खाली फुटपाथवर गेली होती, नौपाड्यातल्या आजी-आजोबांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे, एकजण तर पेन मागायला तीनदा आला आणि ते पेन काही परत मिळालं नाही. इश्यू उघडल्यावर मिनिटभरात पूर्ण भरला. तेव्हा पण कारण हेच होतं, भारताला वीज लागणार. लागली की नाही, लागलीच, पंधरा वर्षांत किती वाढली. शेअर ४५० ला दिला, छोट्या गुंतवणूकदारांना ४३०, आणि ११ फेब्रुवारीला पहिल्याच दिवशी ३७२ वर बंद झाला, पुढे २०२० ला रुपया-दीड रुपयावर. पुढच्या वर्षी एनएचपीसी आला ३६ ला, हा तर सरकारी, धरणं आहेत, वीज आहे, नफा पण आहे, तरी ३६ च्या वर पाय रोवून उभा राहायला दहा वर्षांहून जास्त गेली. म्हणजे वाईट कंपनीत पैसे जातात आणि चांगल्या कंपनीत वर्षं जातात, भाव चुकला तर दोन्ही होतं.

अ‍ॅव्हरेजचं गणित पण मांडते, म्हणजे दीरांसमोर कागद ठेवता येईल. इरेडाचे दोन लाखात तुमच्याकडे ८७० च्या आसपास शेअर असतील. समजा आज १४५ ला अजून दोन लाख घातले तर १३८० च्या आसपास अजून येतील, सरासरी पडेल १७८. मग २३० ऐवजी १७८ आला की सुटलो, बरं वाटतं ऐकायला. पण त्या एका शेअरमध्ये तुमचे दोनाऐवजी चार लाख अडकले आणि त्यातले दोन कर्जाचे. तो जर १२० ला गेला तर? अ‍ॅव्हरेज करताना एकच प्रश्न विचारायचा असतो, माझ्याकडे हा शेअर अजिबात नसता आणि हातात स्वतःचे मोकळे दोन लाख असते तर मी आज हाच घेतला असता का. तुमच्याकडे मोकळे दोन लाख नाहीतच, त्यामुळे प्रश्न तिथेच मिटला.

फीचं सांगते. ज्या पैशाला तारीख आहे तो शेअरमध्ये ठेवायचा नाही, मग तो एनर्जी असो की साबण. तुम्हाला अडीच लाख लागणार. इरेडा आणि सुझलॉन मिळून तुमच्याच हिशोबाने सव्वादोन लाख होतात, कमी पडले तर वर महानगर गॅसचे थोडे. मी तुमच्या जागी असते तर ह्या दोघांतून बाहेर पडले असते, कारण दोन्ही घेण्याचं मूळ कारण चुकीचं निघालंय, आणि कोल इंडिया, महानगर गॅस ठेवले असते, ते पण सोनं आहे म्हणून नाही, त्यांचा धंदा आणि धोका दोन्ही समजतं म्हणून, आणि तो पैसा चार-पाच वर्षं लागणार नसेल तरच. लागणार असेल तर मिस्टरांचं ऐका आणि तेही विका. २३० आला की विकीन असं मात्र ठरवू नका. तुम्ही कितीला घेतला हे बाजाराला माहीत नसतं, कॉलेजच्या फी काउंटरला तर नसतंच.

तोटा झाला तरी एक छोटासा उपयोग होतो. वर्षाहून जास्त ठेवलेत म्हणजे हा लाँग टर्म तोटा. तो दुसऱ्या शेअर किंवा इक्विटी म्युच्युअल फंडाच्या लाँग टर्म फायद्यातून वजा होतो, आणि ह्या वर्षी फायदा नसेल तर आठ वर्षं पुढे नेता येतो, पण अट एकच, रिटर्न मुदतीत भरायचं. पगारदार म्हणून तुम्ही भरतच असाल, ह्या वेळी सीएला किंवा जो कोण भरून देतो त्याला कॅपिटल गेनचं स्टेटमेंट आठवणीने द्या.

आता ज्या वाक्याने मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ते, लॉगिन दीरच बघतात. बाई, तोटा परवडला पण हे नको. दीरांच्या मनात काही वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण खातं तुमचं, पॅन तुमचा, टॅक्सची नोटीस आली तर ती पण तुमच्या नावाने येणार. ब्रोकरकडे रजिस्टर असलेला मोबाईल नंबर आणि ईमेल तुमचा आहे का ते आधी बघा, नसेल तर बदला, पासवर्ड बदला, सीडीएसएलचा टीपिन (शेअर विकताना लागणारा पिन) स्वतः बनवा. मग आत जाऊन तीन गोष्टी बघा. एक, शेअर गहाण ठेवलेले दिसतायत का. दोन, मार्जिन ट्रेडिंग चालू आहे का, त्यात ब्रोकर उधार देतो आणि रोजचं व्याज लावतो आणि लोकांना महिनोनमहिने पत्ता नसतो. तीन, फ्युचर-ऑप्शन (एफअँडओ), म्हणजे भाव पुढे कुठे जाईल ह्यावरचे सौदे, चालू केलंय का. सेबीच्याच अभ्यासात आलंय की २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन वर्षांत एफअँडओ करणाऱ्या साध्या लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, सगळ्यांचा मिळून तोटा एक लाख ऐंशी हजार कोटींच्या वर. हा दरवाजा तुमच्या खात्यात उघडा असेल तर बंद करून टाका, कोणाला विचारत बसू नका.

दीरांना सांगायचं कसं. ग्रुपवर नाही, जेवताना तर नाहीच, आणि मिस्टरांना पुढे करून पण नाही, नाहीतर दोघा भावांचं भांडण होईल आणि शेअर राहील बाजूला. तुम्ही स्वतःच एका दुपारी शांतपणे सांगा, भाऊजी, मुलीच्या फीचे पैसे बाजूला काढतेय म्हणून हे दोन विकतेय, बाकीचे आहेत तसे आहेत, आणि मोबाईल नंबर माझा टाकलाय कारण आता हे मलाच शिकायचंय. तुमच्यामुळे तोटा झाला हे वाक्य तोंडातून काढू नका, ते त्यांना माहितीये, म्हणूनच तर ते अ‍ॅव्हरेज अ‍ॅव्हरेज करतायत, सरासरी खाली आली की त्यांची मान वर येईल असं वाटतंय त्यांना. जाऊबाईंना आधी कानावर घातलंत तर अजून सोपं जाईल, हे माझं शेअरचं नाही, संसाराचं मत आहे.

विकताना सव्वानऊला बाजार उघडल्या उघडल्या विकू नका, अर्धा-पाऊण तास जाऊ दे, भाव स्थिर झाला की लिमिट ऑर्डर (ह्या भावाच्या खाली विकू नका अशी) टाका. एका दिवसात सगळं विकायला मन धजत नसेल तर दोन हप्त्यांत करा, पंधरा दिवसांच्या अंतराने, पण दुसरी तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा, त्या दिवशी भाव बघून बदलायची नाही. पैसे विकल्याच्या पुढच्या कामाच्या दिवशी ब्रोकरच्या खात्यात दिसतील, तिथे पडू न देता बँकेत घ्या आणि तुमच्या नावाने एफडी करा, मुदत मेअखेरची ठेवा. कॅप राउंड (इंजिनीअरिंग प्रवेशाच्या फेऱ्या) नेहमीसारखे लांबले तर एफडी महिनाभर वाढवता येते, पण खाजगी कॉलेजवाले सीट धरायला चार दिवसांत पैसे मागतात तेव्हा हातात असलेले बरे.